वाकड्या घड्या तशाच राहू द्या

पत्र एका आईचं आहे. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. घरात नवरा आणि सासूबाई. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. मुलांना जबाबदारीची सवय लागावी म्हणून सहा महिन्यांपूर्वी या बाईंनी फ्रिजवर एक तक्ता लावला. एका कामाला एक तारा, दहा तारे झाले की थोडे पैसे. पहिले तीन आठवडे मुलगा अक्षरशः कामं शोधत फिरत होता. मग उत्साह ओसरला. आता प्रत्येक कामासाठी चार-चार हाका माराव्या लागतात, आणि गेल्या आठवड्यात आजीने प्यायला पाणी मागितलं तेव्हा त्याने विचारलं, “किती तारे?” मुलीची तऱ्हा उलटी. तिला सगळंच करायचं असतं, पण तिने हात लावला की काम दुप्पट होतं, म्हणून तिला खेळायला पिटाळावं लागतं. सासूबाई म्हणतात, “पुढे जन्मभर करायचंच आहे, आत्ता खेळू देत.” नवरा म्हणतो, “त्यांच्या मागे लागण्यापेक्षा आपण केलेलं पटकन होतं.” बाई विचारतात: माझं कुठे चुकलं? मुलं आळशी निघाली का? मला मदत करायला ती कधी शिकणार?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पहिल्यांदा निसटलं, कारण तुम्ही ते कंसात टाकलं आहे: “(धुतलेल्या कपड्यांच्या घड्या तो घालतो, पण कशाही. मुलं झोपली की मी त्या पुन्हा घालते.)”

सात वर्षांच्या मुलाने संध्याकाळी कपाटात कोंबलेला शर्ट सकाळी इस्त्री केल्यासारखा सरळ दिसतो. हे त्याला कळत नसेल, असं वाटतं तुम्हाला? कळतं. त्यावरून तो एक साधा हिशेब मांडतो: मी घड्या घातल्या काय, न घातल्या काय, शेवटी आईच घालणार. मग चार हाका पडेपर्यंत थांबायला काय हरकत आहे? याला आळस म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याने अनुभवावरून निष्कर्ष काढलाय, आणि तो बरोबर आहे.

घरातल्या कुठल्याही कामाच्या पोटात तीन कामं असतात. ते करायची वेळ झाली आहे हे ध्यानात येणं, ते करणं आणि ते पुरेसं झालं का हे पाहणं. तुम्ही मुलाला मधलं दिलंत. पहिलं तुमच्याकडे राहिलं. त्या चार हाका म्हणजे तेच. तिसरंही तुमच्याकडे राहिलं. त्या रात्रीच्या घड्या. हातांचं काम त्याच्याकडे गेलं, डोक्याचं तुमच्याचकडे. तुम्हाला जी जबाबदारी त्याच्यात यायला हवी आहे ती डोक्याच्या भागात असते. म्हणजे तुम्ही सहा महिने काम देत होतात आणि जबाबदारी मात्र हातातून सुटू देत नव्हतात. दोष देण्यासाठी म्हणत नाही. बहुतेक आया हेच करतात, आणि थकतात.

मीही यातली साधू नाही. माझ्या मुलीने पुसलेलं टेबल, ती वळली की मी गुपचूप पुन्हा पुसत असे. एकदा तिने मागे वळून पाहिलं. बोलली काही नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन फडकं माझ्या हातात दिलं आणि खेळायला गेली.

तेव्हा सुरुवात घड्यांपासून करा. मुलाला शेजारी बसवून एकदा ठरवा की घडी कशासाठी घालायची. कपडा खणात मावला पाहिजे आणि सकाळी शोधाशोध न करता सापडला पाहिजे. एवढंच ना? मग त्याची घडी त्रिकोणी असो नाहीतर गुंडाळी, खण बंद होतोय तोवर ती पास. चुरगळलेला शर्ट घालून जायची त्याची तयारी असेल तर तो शर्ट त्याचा आहे. तुमच्या ऑफिसच्या कपड्यांच्या घड्या तुम्हीच घाला. त्या त्याच्याकडे देऊन मग कुढत बसण्यात अर्थ नाही. आणि काम खरोखरच अपुरं झालं असेल, समजा ताट तेलकट राहिलं असेल, तर त्याच्या मागून धुऊ नका. त्याला बोलवा, ताटावरून बोट फिरवायला लावा. “झालं का रे?” त्याचं बोट त्याला सांगेल. तपासणी त्याच्याकडे द्यायची म्हणजे इतकंच.

आता एका शब्दाकडे वळते. तुमच्या पत्रात “मला मदत करत नाहीत” हे पुन्हा पुन्हा येतं. मदत नेहमी दुसऱ्याच्या कामात करायची असते. घरातली कामं आईची आणि बाकीचे तिचे मदतनीस, ही मांडणी मुलांना तुमच्या बोलण्यातूनच मिळते आहे. ती मिळाली की मदत करणं हा उपकार होतो, आणि उपकाराचा मोबदला मागितला तर त्यात वावगं ते काय? जेवलेलं ताट उचलणं म्हणजे आईला मदत नाही. तो जेवला, ताट त्याचं. तुमच्या यजमानांनाही हे लागू आहे. मुलगा त्यांना ताट तिथेच ठेवून उठताना पाहत असेल तर फ्रिजवरचा कुठलाच तक्ता त्यापुढे टिकणार नाही. यावर मी जास्त लिहीत नाही. ते तुम्ही दोघांनी, मुलं समोर नसताना, बोलायचं आहे.

ताऱ्यांचं जरा सविस्तर बोलू, कारण इतर पालकांचीही याच विषयावर पत्रं येतात. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. निवडलेल्या सगळ्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. त्यातल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं मोकळ्या वेळात पुन्हा समोर ठेवली, तेव्हा बक्षिसाचं आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र कमी झाला नव्हता. म्हणजे बिघाड बक्षिसात नव्हता, आधी केलेल्या सौद्यात होता.

पण हा प्रयोग तुमच्या मुलाला जसाच्या तसा लावू नका. ती मुलं आवडीचं काम करत होती. मोजे जोड्या लावून ठेवण्याची आवड तुमच्या मुलाला कधी नव्हतीच, त्यामुळे ताऱ्यांनी ती मारली असं म्हणता येत नाही. कंटाळवाण्या कामाला सुरुवात करून द्यायला थोडे दिवस बक्षीस चालतं, असं माझंही मत आहे. तुमच्याकडे गडबड वेगळी झाली. तुम्ही प्रत्येक कामाला भाव लावलात. एकदा भावफलक लागला की न लिहिलेल्या कामाचाही भाव विचारला जातो, आणि आजीचा पाण्याचा पेला त्या यादीत नव्हता. तो उद्धट झालेला नाही. तुम्हीच शिकवलेला नियम त्याने पुढच्या उदाहरणाला लावला, इतकंच. गणितात असं केलं असतं तर आपण कौतुक केलं असतं.

मुलीच्या बाबतीत मात्र तो प्रयोग थेट लागू आहे. तिला कामं आवडताहेत. तिच्या नावाचा तक्ता चुकूनही लावू नका.

तक्ता काढायचा कसा? रात्रीतून गायब करू नका, मुलांना ती फसवणूक वाटते. साठलेल्या ताऱ्यांचे पैसे देऊन टाका आणि सरळ सांगा: “ही माझी कल्पना होती, ती मला आता पटत नाही. घरातली कामं आपल्या सगळ्यांची आहेत, त्यांना पैसे नसतात. मलाही कोणी देत नाही.” शेवटचं वाक्य त्याला बहुधा नवीन असेल. खाऊचे पैसे द्यायचे असतील तर ठरलेल्या दिवशी, कामाशी न जोडता द्या. ते पैसे वापरायला शिकण्यासाठी आहेत. काम झालं नाही म्हणून ते कापायचेही नाहीत, नाहीतर भावफलक मागच्या दाराने परत येतो. पहिले काही दिवस तो संप करेल. करू द्या.

आता धाकटी.

ती काम वाढवते, म्हणून तिला पिटाळता. पण ती ज्या वयात आहे, ते वय पुन्हा येत नाही. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दीड वर्षाच्या बाळांसोबत केलेले प्रयोग मला फार आवडतात. मोठं माणूस कपडे वाळत घालतंय, त्याच्या हातून चिमटा खाली पडतो आणि त्याचा हात तिथवर पोचत नाही. नाहीतर हातात ओझं आहे आणि कपाटाचं दार उघडता येत नाही. कोणी “दे रे बाळा” म्हणत नाही, शाबासकीही मिळत नाही. तरी २४ पैकी २२ बाळांनी किमान एकदा आपणहून मदत केली. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक प्रयोग केला. वीस महिन्यांच्या ज्या बाळांना मदतीच्या बदल्यात छोटं खेळणं दिलं गेलं, ती पुढे इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. काम करण्याची ओढ बाहेरून घालावी लागत नाही, ती घेऊनच मूल चालायला लागतं. आपण ती सांभाळतो किंवा घालवतो.

कशी घालवतो, तर अगदी प्रेमाने. “जा, तू खेळ, मला पटकन आवरू दे.” बार्बरा रोगॉफ या संशोधिकेने मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात, माया या मूळनिवासी समाजातल्या कुटुंबांबरोबर अनेक वर्षं काम केलं. तिथे लहान मुलांना मोठ्यांच्या कामापासून वेगळं काढत नाहीत. मुलं जवळ असतात, बघत असतात, जमेल तिथे हात लावतात आणि त्यातूनच शिकतात. शिकवणी अशी कोणी घेत नाही. आपण मात्र चार वर्षांच्या मुलीला रोज सांगतो की काम ही मोठ्यांची गोष्ट आहे, आणि सात वर्षांची झाल्यावर तिने हे ऐकलं म्हणून तिच्यावर चिडतो. तुमचा मुलगा चार वर्षांचा असताना कसा होता, आठवून बघा. माझा अंदाज आहे की तोही लुडबुड करायचा आणि त्यालाही खेळायला पाठवलं गेलं.

हे रोज, सगळ्या कामांत जमणार नाही. सकाळच्या धावपळीत चार वर्षांचं मूल हाताशी घेऊन काम करायला मी सांगणार नाही, तो छळ आहे, तुमचाही आणि तिचाही. दिवसातलं एकच काम निवडा, जेव्हा घड्याळ मागे लागलेलं नसतं. त्या वेळी काम दुप्पट वेळात होणार हे गृहीत धरूनच बसा. काम उरकणं हा त्या वेळेचा हेतूच नाही.

बरंच अडतं ते वस्तूंच्या मापावर. मारिया मॉन्टेसोरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं, तिथे टेबल-खुर्च्या मुलांना उचलता येतील इतक्या हलक्या होत्या, झाडू-फडकी त्यांच्या मुठीच्या मापाची होती, आणि पाणी ओतणं, पुसणं, बटणं लावणं हाच अभ्यास होता. तुमच्या मुलीला भरलेला जग देऊ नका. लहानसं, हँडल असलेलं, अर्धं भरलेलं भांडं द्या. फडकं तिच्या हाताच्या मापाचं कापून द्या. टॉवेलचा हुक तिच्या खांद्याच्या उंचीवर लावा. सांडेलच, म्हणून पुसण्याचं फडकं कुठे असतं हे तिला ओतण्याच्या आधी दाखवा. सांडलं की पुसायचं, हे त्याच कामाचं शेपूट आहे. त्यात रागावण्यासारखं काही नाही. फरशी धुण्याची वगैरे रसायनं, गरम भांडी, धारदार वस्तू आणि विजेची उपकरणं मात्र तिच्यापासून दूर, वर. त्यात प्रयोग नाहीत.

शिकवण्याची एक युक्ती सांगते, दोन्ही मुलांना चालेल. शेवटून शिकवा. पांघरुणाची घडी घालायची आहे. सगळी तुम्ही घाला आणि शेवटचा एक दुमड तिच्यासाठी ठेवा. ती तो दुमडते आणि घडी पूर्ण होते, तिच्या हातून. काही दिवसांनी शेवटचे दोन दुमड तिचे. मग तीन. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल मध्येच अडकतं आणि पुरं मोठं माणूस करतं. शेवटून शिकवलं तर दर वेळी पुरं केल्याचा आनंद मुलाचा. ज्या मुलांना लक्ष टिकवणं किंवा सूचना लक्षात ठेवणं जड जातं त्यांना हाताळणारे थेरपिस्टही ही पद्धत वापरतात.

मुलाकडे परत येते. “खोली आवर” असं तुम्ही सांगता. ते एक काम नाही, वीस कामं आहेत, आणि सात वर्षांचं मूल पसाऱ्याच्या मधोमध उभं राहून कुठून सुरू करू हे ठरवू शकत नाही. मग ते तिथेच बसून सापडलेल्या खेळण्याशी खेळू लागतं आणि तुम्हाला वाटतं, मुद्दाम करतोय. “जमिनीवरची सगळी पुस्तकं फळीवर” हे काम आहे. ते झालं की पुढचं.

त्याला एकच काम द्या, पण अख्खं. माझ्या मनात आहे ते सांगते: जेवायला बसण्याआधी सगळ्यांचे पाण्याचे पेले भरून ठेवणं. मी हे मुद्दाम निवडलं. ते रोज असतं, पाच मिनिटांत होतं, कोणाच्या तरी उपयोगाचं आहे आणि राहिलं तर तुम्हाला ओरडावं लागत नाही, कारण ते स्वतःच बोलतं. सगळे बसले, पाणी नाही. तुम्ही उठायचं नाही. टोमणा मारायचा नाही, नवऱ्याकडे बघून हसायचं नाही. कोणीतरी “पाणी?” म्हणेल, तो उठेल. पहिल्या आठवड्यात हे रोज होईल. वेळेची आठवण तुमच्या तोंडून न येता दुसऱ्या कशावरून तरी यावी: ताटं मांडल्याचा आवाज आला की पेले. मुलांच्या डोक्यात घड्याळ नसतं, पण एकामागून एक येणाऱ्या गोष्टींचा क्रम पक्का बसतो.

काम निवडताना इतर पालकांनीही ही एक कसोटी लावून पाहावी: विसरलं तर काय होईल? कोणाची तरी थोडी गैरसोय होत असेल तर काम चांगलं. कोणाला इजा होत असेल तर ते मुलाचं काम नाही. कुंडीतलं रोप एखादा दिवस कोमेजलं तर पाणी घालून सावरतं. पाळलेल्या प्राण्याचं खाणं-पाणी मात्र मुलाच्या आठवणीवर सोडू नये, ते मोठ्या माणसाने रोज बघायचंच.

आणि घाई नको. एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगितलं जातं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. ती सगळी मोठी माणसं होती, स्वतःहून सवय लावून घेणारी. तीन आठवड्यांत त्याचा उत्साह ओसरला, म्हणून तुम्ही निराश झालात ताई.

तो “नाही करणार” म्हणेल त्या दिवशी भाषण देऊ नका. पेले भरायचे की ताटं मांडायची, हे निवडू द्या. काहीच नाही, हा पर्याय ठेवू नका. मग गप्प बसून थांबा. गप्प बसणं जमत नाही म्हणून आपण बोलत सुटतो आणि कामाचा विषय भांडणात हरवतो. काम ही शिक्षा म्हणूनही कधी देऊ नका. “भांडलास ना, आता भांडी घास” असं एकदा म्हटलं की भांडी घासणं म्हणजे काय, हे मुलाच्या मनात कायमचं ठरतं. “तिला कमी काम का?” हे तो विचारणारच. उत्तर सोपं आहे: ती चार वर्षांची आहे, आणि तू चार वर्षांचा असताना तुलाही कमी होतं. काही दिवशी तुम्ही इतक्या दमलेल्या असाल की स्वतः करून मोकळं व्हावंसं वाटेल. व्हा. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही.

शेवटी आजीचा पेला, ज्यावरून हे पत्र लिहिलं गेलं. पुन्हा “किती तारे?” आलं तर तुम्ही मध्ये पडू नका. पाणी सासूबाईंनी मागितलं होतं, उत्तरही त्यांनाच देऊ द्या. नातवाला त्या काय म्हणतील ते म्हणोत, तुमच्या समजावण्यापेक्षा ते नक्की जास्त लागेल.

“आत्ता खेळू देत” या त्यांच्या म्हणण्याशी वाद घालत बसू नका. चार वर्षांच्या मुलीला ओतणं, पुसणं, दुमडणं हा खेळच वाटतो, तेव्हा त्या म्हणतात ते अर्धं खरं आहे. त्यापेक्षा वाळलेल्या कपड्यांचा ढीग दुपारी त्यांच्यापुढे ठेवा आणि नातीला शेजारी बसवा. मोजे जोड्या लावायचे, रुमाल दुमडायचे. त्यांना सांगा की हिला इतकं सावकाश शिकवायला वेळ असलेलं घरात दुसरं कोणी नाही. खोटी स्तुती करायची गरज नाही, ते खरंच आहे. आणि संध्याकाळी तुम्ही घरी आलात की त्या ढिगाकडे नुसतं बघा. हात मात्र लावू नका.